पाण्याचा जोर मोडतो तिथे

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकही पात्र नाही. सकाळचे सात वाजलेत. खांदा कॉलनीतल्या एका बागेचा कोपरा. मागे कुणी रंगवून टांगावी तशी सात मजली इमारत, तिच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले गुलालाने माखलेले सदरे. डावीकडे बांबूचा मांडव, त्याची एक कनात रात्री कुणीतरी सोडून दिलेली, ती वाऱ्यावर उगाचच नाटकी हेलकावे घेतेय. आणि मधोमध, मुख्य नटाच्या जागी, टाकी. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, कमरेच्या वर येईल इतकी खोल. लोखंडी सांगाड्यात जाड निळं कापड ताणून बसवलेली, एका टोकाला उतरायला पायऱ्या. अनंत चतुर्दशी काल झाली. दोनशेच्या वर शाडूचे गणपती या पाण्यात उतरले आणि आता तिथे एकही गणपती नाही. आहे ते फक्त दुधाळ, राखाडी, जाड पाणी. प्रयोग संपल्यावर रिकाम्या नाट्यगृहात जी शांतता असते, तसली शांतता त्या पाण्यावर पसरलीय.

उजव्या विंगेतून, म्हणजे बागेच्या कुरकुरत्या फाटकातून, सखूबाई प्रवेश करतात.

पाच फुटांच्या आतली उंची, सदुसष्ट वर्षं, घट्ट कासोट्याचं लुगडं, हातात डझनभर हिरव्या बांगड्या. टाकीपाशी येऊन त्यांनी आधी चप्पल बाहेर काढली, नमस्कार केला, मग उजवा हात सरळ पाण्यात घातला. मनगटापर्यंत हात गेला आणि बांगड्या दिसेनाशा झाल्या. सखूबाईंनी हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि शेजारच्या बाकावर जाऊन बसल्या. अजून वेळ होता.

ही त्यांची मोजपट्टी. बांगड्या मनगटाशी बुडून गेल्या तर माती अजून पाण्यात फिरतेय. कोपरापर्यंत हात घालून बांगड्या दिसल्या तर वरचं पाणी काढायला हरकत नाही. खांदा भिजला तरी दिसल्या, तर खाली शाडू लोण्यासारखा बसलाय, उचला आणि घमेली भरा. सात वर्षांत ही मोजपट्टी एकदाही चुकली नव्हती.

आठ वर्षांपूर्वी कॉलनीत पहिल्यांदा अशी टाकी लागली, तेव्हा सखूबाई नेऱ्याहून लेकाच्या फ्लॅटवर राहायला येऊन महिनाच झाला होता. नवरा, काशीराम, आला नव्हता. त्याला लिफ्टची भीती वाटे आणि गाय सोडवत नसे. सखूबाईंना इकडे करमत नव्हतं म्हणून त्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बागेत येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर पंपाने टाकी उपसली गेली. माती, फुलं, प्लास्टिकच्या माळा, सगळं एकात एक कालवून डंपरमध्ये. सखूबाईंचा जीव कळवळला. "अरे, ही देवाची माती हाय, कचरा नाय," असं त्या ओरडल्या होत्या. तिथला माणूस हसून म्हणाला होता, "मावशी, पाहिजे तर तुम्ही घ्या." त्याला वाटलं, मावशी निघून जातील. मावशींनी पुढच्या वर्षी सहा घमेली आणली. तेव्हापासून टाकीतली माती त्यांची. त्या ती गच्चीवर वाळवतात, चाळतात, गोळे करून शाळांना वाटतात, नेऱ्याच्या रस्त्यावरच्या एका मूर्तीच्या कारखान्याला देतात. घेत काहीच नाहीत. कॉलनीतल्या बायका त्यांना टाकीवाल्या मावशी म्हणतात, आणि हे नाव सखूबाईंना मनापासून आवडतं. कारण त्याआधी त्या फक्त 'तीनशे दोनवाल्यांच्या गावच्या आई' होत्या.

पाणी आणि चिखल यांची ओळख मात्र सात वर्षांची नव्हे. ती जन्माची. सखूबाई जासईच्या. आज जिथे कंटेनर एकावर एक रचलेले दिसतात, तिथे त्यांच्या लहानपणी मिठागरं होती. बांध, बांधात खाडीचं पाणी आत घेणारी लाकडी फळ्यांची उघाडी, आणि पलीकडे आरशासारखे वाफे. पावसाळा संपला की वाफ्यांचा तळ तुडवायचा. घरातली सगळी माणसं ओळीने उभी राहायची आणि अनवाणी पायांनी तळ तुडवत जायची, दिवसेंदिवस, गाणी म्हणत, एका तालात. तळ घट्ट झाला नाही तर मिठात माती येते. सखू आठ वर्षांची होती तेव्हापासून त्या ओळीत होती. वडील मागून ओरडायचे, "सखू, टाचेखाली काय लागतंय?" आणि ती न बघता सांगायची: इथे रेती, इथे गाळ, इथे शिंपली. डोळ्यांपेक्षा तिच्या तळव्यांना जास्त दिसायचं. पुढे मिठागरं गेली, लग्न होऊन सखू नेऱ्याला भातशेतीत गेली, पण तळव्यांची नजर कुठे गेली नाही.

असो. तर सखूबाई बाकावर बसून पाणी निवळायची वाट बघत होत्या. आणि तेवढ्यात दुसरा प्रवेश झाला, तोही धावत.

"मावशी! मावशी, टाकीला हात लावला नाही ना कुणी?"

वसुंधराबाई. समोरच्या इमारतीतल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या. बँकेतून निवृत्त, एरवी इस्त्रीच्या साडीशिवाय खाली न उतरणाऱ्या. आज गाऊनवर ओढणी टाकून आल्या होत्या. मागोमाग त्यांचे यजमान अविनाशराव, पायात दोन वेगवेगळ्या स्लिपरा.

"काय झाला गो बाय?" सखूबाई उठल्या. "आदी बस. दम घे."

वसुंधराबाई बसल्या नाहीत. "भिकबाळी गेली हो, मावशी. गणपतीच्या कानातली. तशीच पाण्यात गेली."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अविनाशरावांचे वडील, दाजी. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. दाजींची सोन्याची, तीन मोत्यांची भिकबाळी. तरुणपणी गणेशोत्सवाच्या मांडवात नाटकं व्हायची तेव्हा ती कानात घालून दाजी पेशवे झाले होते, आणि शेवटच्या रांगेतून शिट्ट्या आल्या होत्या म्हणे. स्टेज सुटलं, पण भिकबाळी दरवर्षी घरच्या गणपतीच्या उजव्या कानात चढायची. चढवायची दाजींनी आणि उत्तरपूजा झाल्यावर उतरवायचीही दाजींनीच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा घरचा शिरस्ता. कालही दाजी पाटापुढे बसले. वसुंधराबाईंनी विचारलं, "दाजी, काढलीत?" दाजी म्हणाले, "काढली." डबी मिटलेली होती. कानावर केवडा होता. संध्याकाळी सगळे मोरया म्हणत निघाले.

"आज सकाळी डबी उघडली, तर रिकामी," वसुंधराबाई म्हणाल्या. "आणि दाजी... मावशी, ते हल्ली विसरतात. त्यांना माहीत नाही की ते विसरतात. सकाळपासून डबी उघडतायत, मिटतायत. भिकबाळी मिळाली नाही ना, तर त्यांना कळेल. आज पहिल्यांदा कळेल, की आपलं डोकं..."

त्यांनी टाकीचा काठ धरला.

अविनाशराव टाकीत डोकावून बघत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "मावशी, रात्री इथे कोण असतं?"

"पोरं होती अकरापर्यंत. मंग कुनी नाय."

"आणि ही माती सगळी तुमच्याकडेच जाते ना?"

प्रश्न साधाच होता. पण काही वाक्यं अशी असतात की म्हणणाऱ्याने साधी म्हटली तरी ऐकणाऱ्याच्या काळजात जाऊन बसतात. सखूबाईंच्या हातातल्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. सात वर्षं त्यांनी या टाकीतून चांदीच्या दूर्वा, नाणी, एकदा तर एक पैंजण काढून ज्याचं त्याला नेऊन दिलं होतं. टाकीवाल्या मावशी हे नाव असं एकेका घमेल्याने जमवलेलं. आणि आता भिकबाळी मिळाली नाही, तर कुणी काही बोलणार नाही. नुसतं एवढंच होईल की पुढच्या वर्षी टाकीची माती त्यांना देण्याआधी लोक एकमेकांकडे बघतील.

"व्हय," सखूबाई म्हणाल्या. "माज्याकडंच जाते. म्हनून तर सांगते, ती गावल्याबिगर इथनं एक घमेला हलनार नाय."

"अहो, काय बोलता!" वसुंधराबाई नवऱ्यावर पुटपुटल्या.

"मी फक्त विचारलं," अविनाशराव म्हणाले. आणि ते खरंच होतं. माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर कारखान्यांत पाण्याच्या पाइपलाइन टाकलेला इंजिनीअर, घाबरला की आकडे बोलू लागायचा. आताही लागला. "हे बघ वसू, टेन्शन घेऊ नकोस. सोनं पाण्याच्या सतरा-अठरा पट जड. चार फूट पाण्यात तळाशी जायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. म्हणजे आपण मूर्ती सोडली तिथेच, पायऱ्यांखाली, सरळ रेषेत. फक्त दिसायला हवं. त्याला उपाय आहे."

उपाय म्हणजे तुरटी. अविनाशराव कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दोन किलो तुरटीची पूड घेऊन आले, ती टाकीत ओतली, मांडवाचा एक बांबू उपसला आणि ढवळू लागले. ढवळले, म्हणजे काय ढवळले! पासष्टीचा माणूस, पण समुद्रमंथनाच्या प्रवेशातला पहिला दैत्य वाटावा असा जोर. पाण्याला भोवरे पडले, फेस आला, तळाशी रात्रभरात जी काही माती बसली होती तीही वर आली. दहा मिनिटांनी पाणी आधी होतं त्याच्या दुप्पट गढूळ.

"तुरटी खराब दिसतेय," अविनाशराव धापा टाकत म्हणाले.

"तुरटी बरी हाय, सायेब. हात खराब हाय," सखूबाई म्हणाल्या.

त्याच वेळी फाटकापाशी टँकर थांबला आणि कुमार उतरला. कुमार म्हणजे टाक्या भरायचं-उपसायचं कंत्राट घेतलेल्याचा माणूस, चाळिशीचा, कानात कायम एक इअरफोन. दरवर्षी बाराला येतो. आज साडेआठलाच हजर.

"मावशी, आज लवकर हां. अजून तीन टाक्या आहेत. पंप सोडतो."

पंप म्हणजे चिखल ओढणारा. जाड पाइप तळाशी टाकायचा आणि जे लागेल ते टँकरमध्ये. सखूबाई पाइपच्या आडव्या जाऊन उभ्या राहिल्या.

"कुमार, पाइप खाली गेला तर मला आदी टँकरमदी घाल."

"आता काय झालं?"

सांगितलं. कुमारने घड्याळ बघितलं, वसुंधराबाईंचा चेहरा बघितला, इअरफोन काढला. "एक तास. एक तासाच्या वर नाही, मावशी. मला वरून फोन येतात."

"एक तास लई झाला," सखूबाई म्हणाल्या, आणि अविनाशरावांच्या हातातून बांबू घेतला.

आता बघण्यासारखं होतं. सखूबाईंनी बांबू पाण्यात उभा धरला आणि नुसता चालवला. टाकीच्या कडेने त्या चालत होत्या आणि बांबू त्यांच्याबरोबर चालत होता. पाण्यावर साधी लाटही उठत नव्हती. एखादी म्हातारी झोपलेल्या नातवाची झोळी हलवते तसं. एक फेरी, दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला अविनाशरावांनी चष्मा पुसला.

"हे काय, हलवलं तर बसणार कसं?"

"जोरात हलवला तर बसत नाय. पन बिलकुल नाय हलवला, तरी लवकर बसत नाय," सखूबाई चालता चालता म्हणाल्या. "मातीचा कन लई बारीक. एकटा हाय तवर नुसता भटकत ऱ्हातो, पानी नेईल तिकडं. हळू हलवला की कन कनाला भेटतो. दोनाचं चार, चाराचं दहा. गोळा झाला की जड होतो, मंग जातो खाली. तुमी मगाशी घुसळला ना, तवा जमल्याले गोळे तुमीच फोडले."

अविनाशराव हळूच म्हणाले, "आमच्या प्लँटमध्येसुद्धा संथ फिरणारी वल्ही होती. मी रोज बघायचो. हे डोक्यातच आलं नाही."

पाचव्या फेरीनंतर पाण्यात बदल दिसू लागला. आधी नुसती पिठाळ दिसणारी माती दाणेदार झाली, मग कापसाच्या पुंजक्यांसारखी, आणि ते पुंजके हलकेच, रमतगमत खाली उतरू लागले. सखूबाईंनी बांबू उचलून बाजूला ठेवला. "आता कुनी टाकीला टेकू बी नका."

चौघे बाकावर बसले. वसुंधराबाईंच्या हातात फोन होता, घरून येतो की काय म्हणून त्या तो सारखा बघत होत्या. सखूबाईंनी चाळीस मिनिटांत तीनदा हात घातला. मनगट. मनगटाच्या चार बोटं वर. तिसऱ्यांदा कोपर भिजला आणि पाण्यात हिरव्या बांगड्या स्वच्छ दिसल्या.

"कुमार, आता पंप. पन माज्या पद्दतीनं."

पाण्याचे दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन त्यांनी पाइपच्या तोंडाला बांधायला लावले. पाइप पाण्यावर तरंगू लागला. तळाला हात न लावता तो वरचं निवळ पाणी तेवढं ओढत होता आणि पाणी खाली गेलं की आपणही खाली उतरत होता. कुमार म्हणाला, "मावशी, हे आधी का नाही सांगितलं? माझा पंप दर वर्षी चोक होतो." सखूबाई म्हणाल्या, "तू कवा इचारलंस?"

अर्ध्या तासात टाकीत घोट्याएवढं पाणी आणि त्याखाली वीतभर राखाडी चिखल उरला. अविनाशराव पँट दुमडून उतरले, पायऱ्यांखाली, आपल्या सरळ रेषेत. हातांनी चाचपलं. आश्चर्य असं की तिथे चिखल जवळजवळ नव्हताच, खळगा होता, नुसतं निळं कापड हाताला लागत होतं. भिकबाळीचा पत्ता नाही.

मग वसुंधराबाईंना दूरच्या टोकाला चिखलात पिवळसर पट्टा दिसला. "अहो, तो पिवळा! आपल्या गणपतीचं पीतांबर हळदीने रंगवलं होतं. दुसऱ्या कुणाचं एवढं पिवळं नव्हतं!" अविनाशराव तिकडे गेले. दोन्ही हातांनी खोदलं, मूठ मूठ गाळून बघितली. मऊ, रेशमासारखी माती. तिच्यात एक खडासुद्धा नाही. ते चिखलातच बसले. कुमारचा फोन वाजला, त्याने तो बंद केला. वसुंधराबाईंनी तोंड फिरवलं. आणि सखूबाईंना वाटलं, आता हे दोघं माझ्याकडे बघतील.

त्यांनी टाकीकडे बघितलं. पायऱ्यांच्या शेजारी कालच्या टँकरचा, पाणी भरायचा पाइप अजून काठावरून लोंबत होता.

"काल पानी कवा सोडला होता, कुमार?"

"रात्री साडेदहाला. पातळी उतरली होती. पूर्ण टँकर मारला, फुल जोरात."

सखूबाईंनी डोळे मिटले. समोर खांदा कॉलनी नव्हती. उघाडीच्या फळ्या वर गेल्या होत्या आणि खाडीचं पाणी उसळत आत येत होतं. तोंडाशी, जिथे पाणी आपटतं, तिथे खळगा. तिथे काही टिकत नाही. मग पाणी पुढे पळतं आणि थोड्या अंतरावर त्याचा जोर मोडतो. जोर मोडला की हातातलं जड ते आधी टाकतं. रेती, शिंपल्या, खडे, सगळं चंद्रकोरीसारखं. आणि बारीक गाळ घेऊन उरलेलं पाणी शेवटच्या बांधापर्यंत जातं.

"सायेब, तुमी दोनीकडं चुकला," त्या म्हणाल्या. "पायऱ्यांखाली पान्यानं धुवून नेलंय. आन पिवळा रंग तर पिठावानी बारीक, तो कुटंबी जाईल. रंगाच्या मागं जाऊ नका. जोर मोडला ती जागा बगायला पायजे."

"पण सोनं इतकं जड, ते पाण्याने हलणार कसं?" अविनाशरावांनी विचारलं.

"सोनं एकलं कुटं होतं? देवाच्या कानासकट होतं ना. कान मातीचा. त्याच्यासंगं गडगडलं आसंल."

अविनाशरावांनी कपाळावर चिखलाचा हात मारला. गणितात त्यांनी कान धरलाच नव्हता.

"मग हाताने शोधू तिथे," वसुंधराबाई म्हणाल्या.

"हाताला नाय कळनार. वर तुरटीचा गाळ बसलाय, सगळा मऊच लागंल. खालचा पायाला कळतो." आणि सखूबाई थांबल्या. एक पाऊल मागे सरकल्या.

सात वर्षांत त्यांनी या मातीला पाय लावला नव्हता. काठावर गुडघे टेकून, ओणवं होऊन, कंबर मोडेपर्यंत हातांनीच उपसली होती. अविनाशराव गडबडीत उतरले, त्यांना सुचलं नाही. पण सखूबाई कशा उतरतील? आणि उतरून तुडवायची? दोनशे घरांचा देव तुडवायचा? काठावर बसून त्या मातीकडे बघत राहिल्या. मोत्यांची भिकबाळी एका पारड्यात, आपलं नाव त्याच पारड्यात. आणि दुसऱ्या पारड्यात फक्त आपले दोन पाय. तरी उचलवेनात.

वसुंधराबाईंना समजलं. घरात सोवळं-ओवळं कडक पाळणारी बाई. त्या उठल्या, बागेच्या नळाखाली घमेलं भरलं, घेऊन आल्या आणि सखूबाईंच्या पायांशी खाली बसल्या.

"नको गो बाय, काय करतेस!" सखूबाईंनी पाय ओढून घेतले.

"मावशी, काल उत्तरपूजा आम्हीच केली. देवाला जा म्हटलं आणि तो गेला. आता माती आहे. आणि ती तुमच्या पायाखाली जाणार असेल तर मला चालेल." वसुंधराबाईंनी त्यांचे पाय धरले आणि धुतले. एक, मग दुसरा. टाचेच्या भेगांतून बोट फिरवून, नीट. ओढणीने पुसले. कुमार आपल्या पंपाकडे बघत राहिला.

सखूबाई उतरल्या.

घोटे बुडाले. त्यांनी लुगडं वर खोचलं, हात कमरेवर ठेवले आणि जुना ताल धरला. एक पाय, दुसरा पाय, अर्धं पाऊल पुढे. खळग्याच्या कडेपासून सुरुवात. लोणी. लोणी. लोणी. चार पावलं. पाच. डोळे मिटलेले. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या, गाणं असावं, शब्द कुणाला कळले नाहीत. सहाव्या पावलाला टाचेखाली रवा लागला.

"हिकडं रेती हाय," त्या म्हणाल्या, डोळे न उघडता. "रेती नाय. तांदूळ हाय. अक्षता."

आणि खरंच. दोनशे घरांच्या अक्षता, सुपाऱ्या, नाणी, सगळं जड सामान तिथे चंद्रकोरीसारखं येऊन बसलं होतं. सखूबाई त्या कोरीवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकू लागल्या. एकदा थांबल्या, पायाच्या बोटांनी काहीतरी चिमटून वर काढलं. रुपयाचं नाणं. पुन्हा थांबल्या. सुपारी. वसुंधराबाई काठ घट्ट धरून उभ्या होत्या. मग सखूबाईंचा डावा अंगठा एका ठिकाणी गेला, परत आला, पुन्हा गेला. त्या वाकल्या, कोपरापर्यंत हात घातला आणि लिंबाएवढा मातीचा गोळा वर आणला. गोळा अर्धा विरघळलेला. तरी त्याचा आकार ओळखू येत होता, सुपासारखा पसरट, कडेला मुडपलेला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, आणि राखाडी चिखलातून आधी एक मोती बाहेर आला, मग दुसरा, मग तिसरा.

कुणीच ओरडलं नाही. वसुंधराबाई तिथेच गवतावर बसल्या आणि हसू लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या, आणि मग पुन्हा हसू लागल्या. अविनाशरावांनी चष्मा काढला, चिखलाच्या हाताने पुसला, आणि त्यातून आता काहीच दिसेना म्हणून तो खिशात टाकला. कुमार "मोरया!" म्हणाला, एकटाच, आणि जरा मोठ्याने.

वसुंधराबाईंनी फोन लावला. घाईत स्पीकर सुरू झाला आणि दाजींचा आवाज सगळ्यांनी ऐकला. अठ्ठ्याऐंशीचा आवाज, पण अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"कोण? वसुंधरा? अगं, डबीत भिकबाळी नाही!"

"माझ्याकडे आहे, दाजी. धुवायला आणली होती मी."

"मग सांगायचं नाही का! मी म्हटलं, मी काढली होती की नव्हती."

"काढली होती, दाजी. तुम्हीच काढली होती. माझ्यासमोर."

"तेच म्हणतोय मी," दाजी म्हणाले, आणि त्या दोन-तीन शब्दांत सकाळपासूनचं सगळं ओझं उतरल्याचं ऐकू आलं. "चहा कोण टाकणार?"

अविनाशराव टाकीतच, चिखलात उभे होते. त्यांनी सखूबाईंसमोर हात जोडले. म्हणाले, "मावशी, सकाळी मी जे विचारलं ते... तसं मला म्हणायचं नव्हतं. म्हणजे, म्हणायचं होतं बहुतेक. चुकलं माझं."

सखूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. छातीतली सकाळची गाठ सुटत असल्याचं त्यांना जाणवलं, पाण्यातून पुंजके उतरतात तशी, हलकेच. त्या हसल्या, पुढचे दोन दात नसलेलं मोकळं हसू. काठावर जाऊन बसल्या, डावा पाय उजव्या मांडीवर घेतला आणि टाचेत बोट घालून काहीतरी उपटू लागल्या.

वसुंधराबाई जवळ आल्या. "मावशी, दिवाळीला तुम्हाला नऊवारी घेणार मी. नाही म्हणायचं नाही. कुठला रंग? सांगा, काय हवं ते सांगा."

सखूबाईंनी टाचेतून वाकडी झालेली एक टाचणी ओढून काढली, उजेडाकडे धरून बघितली आणि वसुंधराबाईंच्या तळहातावर ठेवली.

"लुगडं ऱ्हाऊ दे गो बाय, पुडच्या वर्सी देवाच्या हारातल्या टाचन्या तेवड्या काडून आना."